चिमूटभर जस्त आणि पोतंभर थापा

"डायबेटिस हा आजारच नाहीये. शरीरातली मिनरल्स कमी झाली की शुगर वाढते. मिनरल्स भरून काढा, शुगर आपोआप जाईल."

गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी सोलापुरात लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, पुण्यात कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ऐकलंय आणि आमच्या खानदानी व्हॉट्सॲप ग्रुपवर तर किती वेळा वाचलंय याची मोजदादच नाही. वाक्य मोठं हुशार आहे. अर्धं खरं आहे, ऐकायला शास्त्रीय वाटतं आणि त्याच्या मागोमाग एक डबा येतो. डब्यात क्रोमियम, जस्त, सेलेनियम, व्हॅनेडियम वगैरे आवर्त सारणीतली निम्मी मंडळी. महिन्याचा खर्च अडीच-तीन हजार. आणखी तीन जणांना डबा घ्यायला लावलात तर तुमचा स्वस्तात.

आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण दिवसभर 'हे बिघडलं ते नेमकं कशामुळे?' हाच प्रश्न विचारायचा पगार मिळतो मला. आणि ही मिनरलवाली मंडळी नेमका तोच प्रश्न विचारू देत नाहीत.

सोलापूरकरांना जडीबुटीवाले नवीन नाहीत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गेलेल्या माणसाने बाटल्यांत भरलेल्या मुळ्या आणि त्यांचे गुण सांगणारा खणखणीत आवाज पाहिला-ऐकला नसेल तर नवल. तो निदान जमिनीवर बसायचा. आताचा माणूस एसी हॉलमध्ये, टाय लावून, प्रोजेक्टरवर इन्सुलिनच्या रेणूचं चित्र दाखवतो. चित्र खरं असतं, हीच तर पंचाईत आहे!

तर आधी खरं काय ते मान्य करून टाकू.

इन्सुलिन आणि जस्त यांचं नातं खरं आहे, आणि चांगलं घट्ट आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करून साठवतात, ते सहा-सहा रेणूंची मोळी बांधून. मोळीच्या मधोमध जस्ताचे दोन अणू बसलेले असतात. १९३४ साली टोरोंटोत स्कॉट नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की जस्त घातलं की इन्सुलिनचे स्फटिक नीट बनतात. दोनच वर्षांत त्या ज्ञानावर आधारलेलं, अंगात सावकाश उतरणारं प्रोटामाइन झिंक इन्सुलिन आलं. पुढे डोरोथी हॉजकिनबाईंनी तीस-पस्तीस वर्षं खपून १९६९ साली या स्फटिकाची पूर्ण रचना उलगडली. तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर त्या कुपीतसुद्धा बहुधा थोडं जस्त असेल. इथपर्यंत प्रोजेक्टरवाला बरोबर आहे.

मग तो दुसरी स्लाइड काढतो: 'मधुमेहींच्या रक्तात जस्त आणि मॅग्नेशियम कमी आढळतं.' हेही बऱ्याच पाहण्यांमध्ये दिसलेलं आहे. आणि मग तो पटकन तिसऱ्या स्लाइडवर उडी मारतो, जिथे डब्याचा फोटो असतो.

थांबा की हो जरा! दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लाइडच्या मध्ये एक अख्खी दरी आहे. रक्तातली साखर फार वाढली की मूत्रपिंड ती लघवीवाटे बाहेर टाकतं, लघवी जास्त होते, आणि तिच्यासोबत मॅग्नेशियमही जातं, जस्तही जातं. म्हणजे बाण उलटा असू शकतो. खनिज कमी म्हणून साखर वाढली असं नसून साखर वाढली म्हणून खनिज कमी झालं. सर्व्हर पडतो तेव्हा लॉगमध्ये पन्नास एरर दिसतात. त्यातली पहिली कुठली आणि तिच्यामुळे नंतर पडलेल्या कुठल्या, हे शोधायला डिबगिंग म्हणतात. पन्नासातली एक उचलून 'हेच कारण' म्हणणाऱ्याला आमच्याकडे पहिल्या आठवड्यात घरी पाठवतात. सेमिनारमध्ये त्याला सत्कार आणि शाल मिळते.

आणि 'इन्सुलिनला जस्त लागतं, म्हणून जास्त जस्त म्हणजे जास्त इन्सुलिन' या सरळसोट हिशोबाची तर निसर्गानेच थट्टा केलेली आहे. बीटा पेशीत जस्त नेऊन भरणारी एक पंपासारखी प्रथिनं असतात. त्यांतलं महत्त्वाचं एक ज्या जनुकावरून बनतं त्याचं नाव एसएलसी३०ए८. २००७ साली या जनुकाचा टाइप २ मधुमेहाशी संबंध सापडला. सगळ्यांना वाटलं, झालं, पंप बिघडला की मधुमेह! मग २०१४ साली सुमारे दीड लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास आला. ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत पूर्ण नादुरुस्त होती त्यांना मधुमेह होण्याचा धोका जास्त निघायला हवा होता ना? तो निघाला ६५ टक्क्यांनी *कमी*. पंप अर्धा बंद, आणि माणूस जास्त सुरक्षित. शरीर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे की पातळी खाली गेली, ओता वरून बादली.

जस्ताच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. जस्त देऊन केलेल्या काही चाचण्यांत उपाशीपोटीची साखर थोडी उतरलेली दिसली आहे. थोडी. गोळी किंवा इन्सुलिन बंद करता येईल इतकी नव्हे. पण 'थोडी' या शब्दावर डबे खपत नाहीत.

आता क्रोमियम. या सगळ्या धंद्याचा हिरो. ह्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती खरोखरच रंजक आहे.

१९५७ साली अमेरिकेत श्वार्झ आणि मर्ट्झ या दोघांनी उंदरांना एक विशिष्ट यीस्टचा आहार दिला. उंदरांना साखर पचवणं जड जाऊ लागलं. ब्रूअर्स यीस्ट दिल्यावर ते सुधारले. म्हणजे त्यात काहीतरी आहे. त्याला त्यांनी नाव दिलं 'ग्लुकोज टॉलरन्स फॅक्टर', आणि १९५९ मध्ये सांगितलं की तो घटक म्हणजे क्रोमियम. पुढे १९७७ साली कॅनडात एका बाईंची केस प्रसिद्ध झाली. त्यांचं सगळं पोषण तीन वर्षांहून जास्त काळ शिरेतून चाललेलं. वजन घटलं, नसा बिघडल्या, साखर वाढली. शिरेतून क्रोमियम दिल्यावर त्या सुधारल्या आणि इन्सुलिनची गरज उरली नाही. एवढ्या दोन गोष्टींवर क्रोमियम 'अत्यावश्यक खनिज' म्हणून पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं.

पण भोक कुठे होतं बघा. त्या उंदरांच्या खाण्यात क्रोमियम मुळात किती होतं हे कुणी मोजलेलंच नव्हतं. आणि उंदीर धातूच्या पिंजऱ्यात होते. उंदीर पिंजरा कुरतडतो हे सांगायला पीएचडी लागत नाही. त्याहून गंमत म्हणजे माणसाच्या रक्तातलं क्रोमियम मोजणंच तेव्हा धड जमत नव्हतं. रक्त काढायची सुई स्टीलची, प्रयोगशाळेतली निम्मी सामग्री स्टीलची, आणि स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतंच. त्यामुळे १९८०च्या आधीचे आकडे खऱ्याच्या कित्येक पटींनी फुगलेले निघाले. मोजपट्टीच वितळून कापडात मिसळत होती म्हणा ना! शेवटी २०११ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या जॉन व्हिन्सेंट यांच्या गटाने उंदरांना धातू नसलेल्या पिंजऱ्यात ठेवून, क्रोमियम जवळपास नसलेला आहार सहा महिने दिला. उंदरांना काही म्हणजे काही झालं नाही. २०१४ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगून टाकलं की क्रोमियम अत्यावश्यक आहे असं म्हणायला पुरावा नाही, म्हणून त्याची रोजची गरज आम्ही ठरवत नाही.

सेमिनारवाले यातलं काही सांगत नाहीत. ते सांगतात चीनचा अभ्यास. (सोलापूरकराला चीन म्हटलं की डॉ. कोटणीस आठवतात. त्या माणसाने तिथे जाऊन जखमींची सेवा केली. आपण तिथून काय उचललं तर हे!) १९९७ सालचा अभ्यास, १८० मधुमेही, चार महिने. साध्या गोळीवाल्यांची एचबीए१सी ८.५ आणि रोज १००० मायक्रोग्रॅम क्रोमियमवाल्यांची ६.६. आकडा जबरदस्त आहे, कबूल. पण विज्ञानात एकदा चाललेला प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवरही चालावा लागतो. २००६ आणि २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये करून पाहिलं, फरक शून्य. २००५ साली अमेरिकेच्या एफडीएकडे एका उत्पादकाने लेबलवर दावा छापायची परवानगी मागितली, तेव्हा एफडीएने जी वाक्यरचना मंजूर केली तिचा मथितार्थ असा: एका छोट्या अभ्यासावरून फायदा होईल असं वाटतं, पण हा संबंध अत्यंत अनिश्चित आहे. असं लेबल असलेला डबा कोण घेईल? म्हणून आपल्याकडे त्यातला पहिलाच अर्धा भाग सांगतात.

व्हॅनेडियमवर फार वेळ घालवत नाही. १९८५ मध्ये उंदरांवर चमत्कार दिसला, माणसांवर पोट बिघडण्यापलीकडे फारसं हाती लागलं नाही, आणि औषध म्हणून ते बाजारात कधी आलंच नाही.

सेलेनियमचं मात्र वाचाच. अमेरिकेत कातडीच्या कर्करोगासाठी एक चाचणी झाली होती, रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम. त्यातल्या मधुमेह नसलेल्या १२०२ लोकांची माहिती २००७ मध्ये तपासली. हेतू होता सेलेनियम मधुमेह टाळतं का ते बघायचा. सरासरी पावणेआठ वर्षांत सेलेनियमवाल्यांत ५८ जणांना मधुमेह झाला, साध्या गोळीवाल्यांत ३९ जणांना. धोका दीडपटीहून जास्त! आणि ज्यांच्या रक्तात आधीच सेलेनियम भरपूर होतं त्यांना सर्वांत जास्त. ३५ हजारांवर पुरुषांची दुसरी मोठी चाचणी २००८ मध्ये मध्येच थांबवली गेली. तिच्यातही सेलेनियम गटात मधुमेही किंचित जास्त दिसत होते. तो फरक योगायोगाचा असू शकतो असं त्यांनीच म्हटलंय, पण फायदा तर नक्कीच नव्हता. आता घरातला डबा उचला आणि त्यात सेलेनियम किती आहे ते वाचा. डायबेटिस घालवायच्या डब्यात!

'जाऊ दे रे, फायदा नाही तर नाही, तोटा काय?' असं विचारणारे भेटतात. तोटा सांगतो. जस्त दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर बराच काळ घेतलं तर तांब्याचं शोषण अडतं. मग रक्त कमी होतं, नसा बिघडतात. पण हाही छोटा तोटा. मोठा तोटा आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांचा झाला. सेमिनारला गेले, डबा घेतला. 'केमिकलच्या गोळ्या' हळूहळू सोडा असं सांगितलं गेलं होतं. मास्तरांनी एकदम सोडल्या. चार महिने शुगर मोजलीच नाही, कारण 'शरीर शुद्ध होताना आकडे वर जातातच' असं आधीच सांगून ठेवलेलं. चपलेचा अंगठा लागून जखम झाली ती भरेना. शेवटी अंगठा गेला. मी विचारलं, "मास्तर, गोळी का सोडली ओ?" म्हणाले, "अरे त्यानं बोर्डावर सगळं लिहून दाखवलं की!" चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं खरं असतं असं पोरांना शिकवलेला माणूस. मला डबेवाल्याचा राग येतो तो इथे. मास्तर टाइप २ वाले होते म्हणून अंगठ्यावर भागलं. टाइप १ च्या पोराचं इन्सुलिन असं कुणी तोडलं तर काही दिवसांत जीव जातो.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर प्रीडायबेटिक आहेत. एवढं मोठं मार्केट आमच्या कंपनीलाही मिळालं नसेल.

बरं, मग खनिजांचा आणि मधुमेहाचा खरा संबंध काहीच नाही का? आहे! आणि गंमत अशी की खरा संबंध जिथे आहे तिथे कुणी हॉल बुक करत नाही, कारण तिथे विकण्यासारखं महाग काही नाही.

पहिलं लोह. लोह शरीरात फार साठलं तर मधुमेह होऊ शकतो. हेमोक्रोमॅटोसिस नावाच्या आनुवंशिक आजाराला जुन्या डॉक्टरांनी 'ब्राँझ डायबेटिस' म्हटलंय ते यामुळेच, आणि वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांनाही हा धोका असतो. पण आपल्याकडचा रोजचा प्रश्न उलटा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आणि ही गोष्ट तुमच्या-माझ्या वयाच्या वाचकांनी, विशेषतः बायकांनी, नीट वाचा: लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते. कारण साधं आहे. ही चाचणी तांबड्या पेशींना तीन महिन्यांत किती साखर चिकटली ते मोजते. लोह नसलं की नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच फिरत राहतात, आणि जुन्या पेशीला साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात.

म्हणजे कंपनीच्या वार्षिक तपासणीत एकोणतीस वर्षांच्या मुलीची एचबीए१सी ५.९ आली, हिमोग्लोबिन ९.५ आहे, आणि रिपोर्टवर लाल अक्षरात 'प्रीडायबेटिक'. घरात रडारड. आई साखरेचा डबा लपवते, भाऊ मिनरलचा डबा ऑर्डर करतो. करायचं काय होतं? फेरिटिन तपासायचं, डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्यायच्या (त्या अगदी स्वस्त असतात, सरकारी दवाखान्यात फुकटही मिळतात), आणि साखरेचा निकाल लावायला उपाशीपोटीची व ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची चाचणी करायची. ती खरोखर प्रीडायबेटिक असूही शकते. पण ते या एका आकड्यावरून ठरत नाही. उलट बाजूनेही हे लागू आहे. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा रक्तक्षयावर उपचार नुकते सुरू झाले असतील तर हा आकडा खोटा कमीही येतो.

दुसरं कोबाल्ट. याचं नाव कुठल्याच डब्यावर ठळक नसतं. बी१२ जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो. शरीराला कोबाल्ट लागतं ते जवळपास एवढ्याचसाठी. आणि मधुमेहाची सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं घेतली की बी१२ चं शोषण कमी करते. त्यात आपण शाकाहारी, दूध बेताचं. मग पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि घरचे म्हणतात शुगरने नसा गेल्या. गेल्या असतीलही. पण बी१२ तपासा ना एकदा! कमी निघालं तर ते भरून काढता येतं. मेटफॉर्मिन बंद करायची नाही, बी१२ भरायचं.

आणि या बाबतीतलं जगभर गाजलेलं काम आपल्याच महाराष्ट्रात झालंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास त्यांनी १९९३ मध्ये सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहिले. २००८ मध्ये त्यांनी मांडलं की दोन तृतीयांश आयांमध्ये बी१२ कमी होतं. आणि ज्या आयांचं बी१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. (याचा अर्थ गरोदरपणी फोलिक ॲसिड बंद करा असा नाही! बी१२ कडेही बघा असा आहे.) याच याज्ञिकांचा २००४ सालचा 'लॅन्सेट'मधला फोटो प्रसिद्ध आहे. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणारा आपला माणूस आतून लोणी! हे समजायला तीस वर्षं गावोगाव बाळांची वजनं करत फिरावं लागलं. सेमिनारवाल्याला चाळीस मिनिटं पुरतात.

आता सोलापूरकडे येतो, कारण आमच्याकडे या धंद्याची एक खास देशी आवृत्ती आहे. डब्याला नावं ठेवणारे शहाणे लोक लगेच म्हणतात, "आमची ज्वारी खा, डाळिंब खा, शुगर होणारच नाही."

ज्वारीबद्दल मला अभिमान आहे. मालदांडी ३५-१ ही मोहोळची निवड, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात वीसेक. शेंगाचटणीतून जस्तही बऱ्यापैकी मिळतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे डब्यापेक्षा शंभरपट बरं खाद्य आहे यात वादच नाही. पण ज्वारीसुद्धा सत्तर टक्के पिष्टच आहे हो. चार भाकऱ्या चेपून दिवसभर खुर्चीत बसलं तर शुगर मालदांडीला घाबरत नाही. शिवाय धान्यातलं फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवतं, आणि जेवणावर लगेच चहा मारला की लोहाचं उरलंसुरलं शोषणही घटतं. लिंबू पिळलं तर वाढतं. एवढं साधं, फुकट, आणि कुणालाच न सांगितलं जाणारं.

डाळिंबाचं त्याहून मजेशीर. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तिथल्या शास्त्रज्ञांनी 'सोलापूर लाल' नावाचा वाण काढला, २०१७ मध्ये तो देशाला अर्पण झाला. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम, जस्त ०.६४ ते ०.६९. नेहमीच्या भगव्यात लोह २.७ ते ३.२ आणि जस्त ०.५० ते ०.५४. खनिज वाढवण्याचं खरं काम असं असतं. बियाण्यात, शेतात, कित्येक वर्षं घालून. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये आणलेली 'परभणी शक्ती' ज्वारी याच जातीचं काम. ही कामं रक्तक्षय आणि कुपोषण यांच्यासाठी आहेत. पण फॉरवर्ड काय येतो? 'झिंकयुक्त डाळिंबाचा रस प्या, शुगर घालवा.' जरा हिशोब करू. बाईला दिवसाला १३.२ मिलिग्रॅम जस्त लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्था २०२० मध्ये सांगते. सोलापूर लालमधून ते सगळं मिळवायचं तर रोज दोन किलो दाणे. दोन किलो दाण्यांत साखर जवळजवळ पाव किलो! शुगर घालवायला पाव किलो साखर. आमच्या शास्त्रज्ञांच्या चांगल्या कामाची ही अशी माती करतात.

राहता राहिला कायदा. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर उपायाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडलेली आहे आणि मधुमेह त्या यादीत आहे. आणि २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा प्रत्येक डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापणं बंधनकारक आहे. छापतातही ते, मागच्या बाजूला. म्हणजे पुढे टाय लावलेला माणूस म्हणतो शुगर जाईल, आणि मागे डबा स्वतःच म्हणतो मी औषध नाही. दोघांतला एक तर खोटं बोलतोय, आणि कायद्याला घाबरून खरं बोलणारा डबा आहे.

येत्या रविवारी सोलापुरात असाच एक कार्यक्रम आहे, चहा-बिस्किट फुकट, 'घरातल्या शुगरच्या पेशंटला सोबत आणा' असं पत्रकावर छापलंय. मी पत्रक जपून ठेवलंय. जाणार आहे, डबा हातात मागून घेणार आहे, दोन्ही बाजूंचे फोटो काढणार आहे आणि सोमवारी पत्रकासकट अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज देणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर कळवा, मास्तर येतो म्हणालेत.